आईच्या गालावरचा वांग

३ फेब्रुवारी, सोमवार

मावशीने फोटो पाठवले. तिच्या मुलीचं लग्न ठरलं त्या दिवशीचे. सगळे ओळीने उभे, मधे आई — आणि आईच्या चेहऱ्यावरचा वांग गायब! दोन्ही गाल, वरचा ओठ, कपाळ, सगळं घासून ठेवलेल्या ताटलीसारखं लख्ख. मावशीने मोबाइलवरच पुसून टाकला म्हणे. खाली लिहिलंय — बघ, ताई किती छान दिसली असती.

दिसली असती! जिवाला लागलं माझ्या.

आईला दाखवला. तिने चष्मा लावला, फोन जवळ धरला, मग लांब धरला. बराच वेळ बघत राहिली. "ही कोण?" म्हणाली आणि हसून परत शिलाई मशीनवर बसली. पण मी तिच्याकडेच बघत होते. स्वतःच्या कुठल्याही फोटोकडे ती एवढा वेळ बघत नाही.

हा वांग माझ्या वेळचा. लहानपणापासून मावशीच्या तोंडून ऐकत आलेय — हिच्या वेळी दिवस राहिले आणि तोंडावर जे पडलं ते पडलंच, त्याआधी कशी होती माझी बहीण! मग सगळे आधी आईकडे बघतात आणि नंतर माझ्याकडे. मी कुणाच्या तरी कपड्यांवर शाई सांडली असावी तसं. आई त्यावर कधी काही बोलत नाही. तेच जास्त बोचतं. बोलली असती, रागावली असती, तर मलाही काही म्हणता आलं असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मी कामाला आहे त्या औषधाच्या दुकानाच्या वरच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याच हातून जातात, त्यामुळे कुणाच्या तोंडाला काय झालंय हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक! अलीकडे वांगावर त्या एक सीरम फार लिहितात. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड. नाव वाचून गिऱ्हाईक दचकतं — अ‍ॅसिड, आणि तोंडाला? मग मी सांगते की हे भाजणारं नव्हे, उलट फार गरीब आहे, हळूहळू काम करतं. हेच नाव आतल्या कपाटातल्या गोळ्यांवरही असतं. पाळीत अंगावरून फार जातं त्या बायकांना देतात त्या. रक्त थांबवणाऱ्या औषधाने डाग जातात हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल, देव जाणे.

आज बँकेतली कॅशियरबाई आली होती. तिच्या गालांवर पूर्वी चहा सांडल्यासारखे डाग होते. आता शोधावे लागतात. मी काउंटरवरून एवढी वाकून बघितलं की ती बिचारी मागे सरली. वेळ लागला पण गेले, म्हणाली.

डोक्यात किडा वळवळतोय. आईचाही जाईल. मी आणलेला मीच घालवीन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आईला अखेर वर नेलं. ओढतच. जिन्यावर तिचं चालूच होतं — आता या वयात मला कोण बघायला येणार आहे?

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बघितलं. आजवर काय काय लावलं, विचारलं. बहिणीने दिलेलं सगळं, आई म्हणाली. लिंबू झालं, साय झाली, एकदा कसलीशी गोरं करणारी ट्यूबही झाली, तिने तोंडाचा टोमॅटो झाला. बाई हसल्या नाहीत. असल्या ट्यूबा आधी बंद, म्हणाल्या.

मग सीरम लिहून दिलं. चेहरा धुऊन, टिपून, थोडेच थेंब. चोळायचं नाही, बोटाने टेकवायचं. वर रंगाचं सनस्क्रीन, ढग असले तरी, घरात असल्या तरी. हा हट्टी असतो, महिने लागतात, आणि रोज उन्हात बसणार असाल तर सगळी मेहनत पाण्यात.

मी शहाणपणाने विचारलं, याच्या गोळ्याही देतात ना? देतो कधी कधी, बाई म्हणाल्या, पण त्याआधी बरंच काही विचारून घ्यावं लागतं, त्या सगळ्यांना चालत नाहीत. पुढच्या खेपेला निवांत या, तेव्हा बघू. आई तोवर पर्स उचलून दारात पोहोचलीही होती.

उतरताना म्हणाली, "इतकी वर्षं राहिलेल्याला आता बाहेर काढायचं? तेवढ्या वर्षांत तर भाडेकरूसुद्धा मालक होतो." मी हसले. आता लिहिताना वाटतंय, हसण्याच्या आड लपायची तिची जुनीच सवय आहे. आतून तिलाही हवंच असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

मशीन खिडकीतून हलवलं. दुपारभर तिथे ऊन येतं, आणि काचेतूनही डाग गडद होतात असं बाईंनी बजावलं होतं. आतल्या भिंतीला लावलं, वर ट्यूबलाइट.

आईला पटलेलं नाही. बाबा गेल्यापासून ती खिडकी म्हणजे तिचं अर्धं जग. शाळेचे गणवेश, पडदे, चेन बदलायच्या पँटी — सगळं गजांतूनच आत येतं आणि गजांतूनच बाहेर जातं. त्याबरोबर अख्ख्या गल्लीच्या बातम्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या घरी नवा सोफा आला. मशीन चालू असतं आणि कान बाहेर.

"इथून रस्ता दिसत नाही गं," म्हणाली.

"रस्त्यात काय बघायचंय? सुईकडे बघ."

जरा तोडूनच बोलले. नंतर चहा करून दिला, पण बोललेलं कुठे गिळता येतं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाटली जशीच्या तशी! विचारलं तर म्हणते, लावते की. उद्यापासून मी लावणार.

२ मार्च, रविवार

रोज सकाळी दुकानात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर आईला खुर्चीत बसवते आणि सीरम लावते. ती डोळे मिटून तोंड वर करते, केस कापायला बसवलेल्या पोरासारखी. मी गालावर बोटं टेकवत जाते.

आईच्या चेहऱ्याला मी याआधी कधी हात लावला होता? आठवतच नाही. तिने माझ्या चेहऱ्याला लावलेला आठवतो — तापात, परीक्षेच्या दिवशी, आणि माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा. मी कधीच नाही. किती मऊ आहेत तिचे गाल! आणि वांग हाताला लागतच नाही. डोळे मिटून लावलं तर कुठे आहे ते कळणारही नाही.

आज लावता लावता विचारलं, तुला माझा कधी राग आला होता का, याच्यावरून? "कशावरून?" म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे.

विचारायला हवं होतं नीट.

१४ मार्च, शुक्रवार

काही फरक नाही. रोज एकाच जागी उभी करून फोटो काढते. आई म्हणते, पोलिसांत एवढे फोटो चोराचेही काढत नाहीत.

६ एप्रिल, रविवार

मावशी येऊन गेली. लग्न जूनमध्ये. हॉल ठरला, कपडे ठरले, आणि तिची जीभ तर कायमचीच ठरलेली. आईची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली — काही फरक नाही गं, उगाच पैसे घालवताय. मग जाता जाता म्हणाली की ते व्हिडिओवाले हल्ली फार जवळून घेतात, ताईला जरा मागच्या ओळीत बसवू.

मागच्या ओळीत! सख्ख्या बहिणीला!

आई हो म्हणाली. काही न वाटल्यासारखं. "मला तिथून नीट दिसेल ना? मग झालं तर."

खरं तर फरक आहे. डाव्या गालाची कड थोडी विरलीय. मी रोज बघते, मला दिसतो. पण या गतीने जूनपर्यंत काय होणार!

१९ एप्रिल, शनिवार

डॉक्टरीणबाई परगावी. महिनाभर. त्यांच्या जागी कुणी नाही.

२१ एप्रिल, सोमवार

केलं एकदाचं.

मालक जेवायला गेले तेव्हा आतल्या कपाटातून गोळ्या काढल्या. पैसे गल्ल्यात टाकले, चोरी नाही केली. पण चिठ्ठी नव्हती. दुकानात पहिल्या दिवसापासून मालक एकच सांगत आलेत, चिठ्ठीशिवाय काही उचलायचं नाही, आणि मी गिऱ्हाइकांना तेच ऐकवते. आज स्वतःलाच माफी दिली. औषध तेच, नाव तेच. लावलं तर हळू, खाल्लं तर लवकर — साधा हिशेब! बाईसुद्धा देतात. मोबाइलवर दोन डॉक्टर तेच सांगत होते. किती गोळी, दिवसातून किती वेळा, सगळं मला माहीत आहे. गिऱ्हाइकं उगाच मला 'डॉक्टर' म्हणत नाहीत.

आईला सांगितलं की बाईंनी फोनवर सांगितल्यात.

तिने गोळी तळहातावर घेतली. आधी गोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्यांनी?"

"हो."

पाण्याबरोबर घेतली. दुसरं काही विचारलं नाही. खोटं एवढ्या सहज चालून जाईल असं वाटलं नव्हतं. थोडं भांडली असती तर बरं झालं असतं.

११ मे, रविवार

जातोय! खरंच जातोय! डावा गाल जवळजवळ साफ. उजव्यावर नुसती सावली. कपाळावरचा तर आता मलाच सांगावं लागेल कुठे होता.

मावशीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन — आता पुढच्या ओळीत बसवते! मी म्हटलं, मधोमध.

आईपुढे आरसा धरला. "हं," म्हणाली. एवढंच. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल, गेलाबाजार हसेल तरी. तिने आरसा बाजूला केला आणि उलट मलाच विचारलं, "तू खूश आहेस ना?"

मी? मी तर हवेत आहे. एवढी वर्षं तिच्या तोंडाकडे बघताना माझी नजर आधी डागावर जायची. आज पहिल्यांदा डोळ्यांवर गेली.

१९ मे, सोमवार

आईची पोटरी दुखतेय. डावी. भरून आलीय म्हणाली, पायडल मारून मारून. नव्या जागी स्टूल बुटकं पडतं, त्यामुळे पाय अवघडतो, असणारच. दुकानातून चोळायचं मलम आणलं, वर ताणाची पट्टी बांधली. "घरात दुकान असल्याचे फायदे," म्हणाली.

तिला स्टूल बदलून द्यायला हवं. माझ्या लक्षातच राहत नाही.

२७ मे, मंगळवार

पोटरी अजून तशीच. थोडी सुजलीय. लग्न झालं की दाखवू.

८ जून, रविवार

लग्न झालं. दमले.

आई मधोमध बसली, पहिल्या ओळीत. मावशी सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होती, जणू तिनेच धुऊन वाळवून आणलीय. जो तो म्हणतो — ओळखलंच नाही! आईची शाळेतली मैत्रीण तर समोरून तशीच निघून गेली. आईने मागून हाक मारली तेव्हा वळली, आणि तरी क्षणभर बघतच राहिली. आई हसली, पण मला ते हसू आवडलं नाही. परक्या घरी चुकून शिरल्यासारखं होतं.

हॉलच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागली. कडेच्या खुर्चीत बसली, म्हणाली, "थांब जरा, दम खाते." आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, आधी फोटोला उभी राहा, फोटोवाला निघेल, मग निवांत बस.

राहिली उभी.

११ जून, बुधवार

कालपासून लिहायला घेतेय आणि हात उचलत नाही.

सोमवारी सकाळी मोरीपाशी आईला श्वास लागला. भिंतीला धरून खाली बसली. ओठ काळेनिळे. शेजारच्या रिक्षावाल्याने उचलून नेलं, मी नुसती मागे धावत होते. हॉस्पिटलात पाय बघितला, छातीचा फोटो काढला, आणखी कसलं मशीन. पोटरीत रक्ताची गाठ झाली होती. ती सुटून फुप्फुसात गेली.

पोटरीत! मी जिथे मलम चोळत होते तिथे. जिथे ताणाची पट्टी बांधून बरी होईल म्हणत होते तिथे.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं, काही औषधं चालू होती? आई मास्कमधूनच म्हणाली, "नाही, काही नाही." एवढ्या घाईने म्हणाली की मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हणजे तिला माहीत होतं. बाईंनी काही सांगितलेलं नाही हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

आणि एक क्षण — हे पान माझं आहे, इथे तरी खरं लिहिते — एक क्षण मला वाटलं, राहू दे. आई नाही म्हणतेय ना, तर नाही.

मग सांगितलं. गोळीचं नाव, केव्हापासून, कुणी दिली. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. ओरडले नाहीत. मग त्यांनी आईच्या आजारांबद्दल विचारलं, घरात कुणाला गाठी झाल्या होत्या का, आणि आईला कधी दिवस राहून गर्भ पडला होता का. मी लगेच उत्तर दिलं, नाही, मी एकुलती एक, माझ्या आधी-नंतर कुणी नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

१३ जून, शुक्रवार

मालकांना जाऊन सांगितलं. कपाटातून गोळ्या मी काढल्या, चिठ्ठी नव्हती, आणि आई हॉस्पिटलात आहे. ते चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आता काढून टाकणार. टाकलं असतं तर बरं वाटलं असतं. पण म्हणाले, "आई बरी होऊन घरी येऊ दे. त्यानंतर मागच्या खोलीत खोकी लाव. काउंटरला यायचं नाही."

बाहेर पडताना एका गिऱ्हाइकाने विचारलं, काय डॉक्टर, आज सुट्टी? तोंड लपवावंसं झालं.

१५ जून, रविवार

आईच्या शेजारी बसून आहे. नळ्या, मशीनचा तो एकसुरी आवाज. झोपलीय. खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं, आणि मी सवयीने उठून पडदा ओढायला गेले. पडदा हातात धरून तशीच उभी राहिले. मग सोडून दिला.

अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली बाई मी. औषधांची नावं पाठ असली म्हणजे औषध कळलं असं वाटलं मला. बाईंनी किती साधं सांगितलं होतं — आधी बरंच काही विचारून घ्यावं लागतं. विचारून! मी उलट तिला सांगत सुटले. हलव मशीन, मिट डोळे, घे गोळी, राहा उभी. तिला काय हवंय हे विचारायचंच राहिलं.

गाल अजून स्वच्छच आहेत. बघवत नाही.

१८ जून, बुधवार

मावशी आली. रडली. मग म्हणाली, चेहरा किती सुरेख दिसतोय गं आजारपणातसुद्धा. मी तिला बाहेर नेलं आणि सांगितलं, या खोलीत परत चेहऱ्याचं नाव काढलंस तर मी तुला आत येऊ देणार नाही. मावशीला आयुष्यात पहिल्यांदा उलटून बोलले. पण तिच्यावर ओरडून मी काय सुटणार? फोटोतला डाग तिने पुसला. खरा तर मीच पुसला.

२० जून, शुक्रवार

उद्या घरी सोडतायत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, बहुतेक कायमच्या. रक्ताच्या आणखी तपासण्या केल्यात, त्यांचे निकाल यायचेत. मी विचारलं, कायमच्या कशाला, ती दुसरी गोळी तर बंद झाली ना? डॉक्टर म्हणाले, गोळीने निमित्त केलं, पण शरीरात आधीपासून काहीतरी असावं. आईंशी मी एकटा बोललोय. मग फाइल मिटून म्हणाले, "त्या गोळ्या देण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो. मी पहिल्या दिवशी विचारला, त्याचं उत्तर तुम्ही दिलंत. ते चूक होतं. बरोबर उत्तर काय, ते आईच सांगतील तुम्हाला. मी सांगणं योग्य नाही."

कुठला प्रश्न? त्या दिवशी इतकं काही विचारलं.

नाही. मला माहीत आहे कुठला.

पण असं कसं असेल? मला कळलं नसतं?

२४ जून, मंगळवार

आई घरी. पहिलं काम केलं — मशीन परत खिडकीत. उंच स्टूलही आणलं. गल्ली लोटली. गजांतून हात आत घालून घालून बायका तिचा हात धरत होत्या. एक जण म्हणाली, आतल्या खोलीत गेलात तेव्हापासून आम्हाला वाटायचं, आमचं काही चुकलं का. आई म्हणाली, नाही गं, जरा तोंड सावलीत ठेवलं होतं.

आता सुईची भीती. रक्त पातळ, टोचलं की थांबत नाही. मी अंगुस्तान आणून दिलं, ती बोटात घालते आणि शिवताना काढून ठेवते. जन्मभर उघड्या बोटांनी शिवलंय, म्हणे, कापड हाताला कळावं लागतं. आज टोचलंच. कापसाचा बोळा धरून बसलो दोघी. बराच वेळ लागला थांबायला. त्या वेळात विचारता आलं असतं. तिलाही कळत होतं मला काय विचारायचंय. दोघी कापसाकडे बघत राहिलो.

२८ जून, शनिवार

सीरमची बाटली फेकायला उचलली. मग वाटलं, तिचा काय दोष? ती आपल्या गतीने चालली होती. कपाटात मागे ठेवून दिली.

आज डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या. त्यांना सगळं कळलंय. मी खाली मान घालून उभी. त्या म्हणाल्या, आईंना घेऊन या म्हटलं होतं ना मी, निवांत. बास, एवढंच म्हणाल्या आणि वर गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

मागच्या खोलीत खोकी लावते. कुणी डॉक्टर म्हणत नाही. बरं आहे.

२ जुलै, बुधवार

आईने सांगितलं. धागा ओवता ओवता, मी न विचारता. माझ्या आधी दोनदा दिवस राहिले होते. दोन्ही गेली. रक्तात गाठी होण्याचा दोष तेव्हापासूनचाच असावा, असं डॉक्टरांनी तिला सांगितलंय. दुसऱ्याला तर नावही ठरलं होतं. घरात कुणालाच नंतर तो विषय काढायचा नव्हता, म्हणून मावशीही माझ्यासमोर कधी बोलली नाही. त्या दोन्ही वेळा चेहऱ्यावर काहीसुद्धा आलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला एका सकाळी आरशात गालावर वांग दिसला. "आणि मी मोरीत बसून हसत सुटले. म्हटलं, ही राहणार. ही आपलं सामानसुमान घेऊनच आलीय."

मी म्हटलं, मग मला लावू का दिलंस ते सगळं? गोळ्या का घेतल्यास?

तिने दात लावून धागा तोडला.

"मला कुठे तो रोज बघावा लागतो? तुला बघवत नव्हता ना, बाळा."